सनद न मिळालेला वकील : युसुफ मेहेरअली



स्मरणिकेसाठी दरवर्षी मी काही तरी लिहितो. बहुधा परीक्षांविषयी, नाही तर मुलांच्या शुद्धलेखनाविषयी. यंदा एका थोर माणसाचे चरित्र तुमच्यापुढे ठेवत आहे. त्याला एक निमित्त घडले, ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील मला भेटायला आले. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर जाणारा साधा, कष्टाळू माणूस. त्यांचा मुलगा कुठल्याशा मोर्चात गेला होता आणि हातात फलक धरलेला त्याचा फोटो मोहल्ल्यातल्या मोबाईलांवर फिरत होता. उद्या पासपोर्ट काढायचा झाला, नोकरीच्या वेळी पोलिसांची पडताळणी आली, तर हा फोटो आडवा येईल, ही त्यांची धास्ती. सर, तुमचे तो ऐकतो, तुम्हीच त्याला समजवा, असे ते काकुळतीने म्हणाले. मी समजावले. आधी शीक, पोटापाण्याला लाग, मग काय त्या घोषणा दे, असे सांगितले. मुलाने मान डोलावली.

पुढे आठ-दहा दिवसांनी इतिहासाच्या तासाला १९४२ चे आंदोलन आले. क्विट इंडिया हे शब्द कोणी सुचवले, असे मी वर्गाला विचारले. वर्गाने एकमुखाने गांधीजींचे नाव घेतले. मी फळ्यावर युसुफ मेहेरअली हे नाव लिहिले आणि ते कायद्याचे पदवीधर होते, असेही सांगून टाकले. तोच मुलगा उभा राहिला. मग ते वकिली कुठल्या कोर्टात करत होते, असे त्याने विचारले. उत्तर मला ठाऊक होते, पण त्या मुलासमोर ते देताना माझी जीभ जड झाली. कारण उत्तर असे होते की युसुफ मेहेरअलींनी वकिली कुठेच केली नाही. कायद्याची परीक्षा ते पास झाले, परंतु चळवळीत पुढे असल्यामुळे त्यांना वकिलीची सनदच नाकारण्यात आली. मी मुलाला जी भीती घातली होती, ती युसुफभाईंच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरली होती. म्हणून हे चरित्र नीट सांगणे मला भाग आहे.

युसुफ मेहेरअलींचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईत झाला. घराणे खोजा मुसलमानांचे, व्यापारउदिमात मुरलेले आणि चांगले सधन. अशा घरातल्या मुलाने पेढीवर बसावे, हिशेब बघावेत, फार तर बॅरिस्टर होऊन यावे, हीच त्या काळची रीत. युसुफला मात्र पुस्तकांचे वेड होते. निरनिराळ्या देशांतल्या तरुणांनी आपापल्या देशाच्या मुक्तीसाठी काय केले, हे वाचण्याचा त्याला नाद लागला. एल्फिन्स्टन कॉलेजात बी. ए. आणि पुढे सरकारी लॉ कॉलेजात कायद्याचा अभ्यास झाला. अभ्यासाबरोबरच चळवळीचे काम वाढत गेले आणि १९२८ साली, म्हणजे पंचविशीच्या आतच, त्यांनी मुंबईत बॉम्बे यूथ लीग ही तरुणांची संघटना उभी केली.

त्याच वर्षाच्या ३ फेब्रुवारीला सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरले. हिंदुस्थानच्या राज्यकारभारात पुढे काय सुधारणा कराव्यात हे ठरवायला आलेल्या या कमिशनात सात सभासद होते आणि सातही इंग्रज. ज्यांच्या घराचा प्रश्न, त्यांच्यातला एकही नाही. (या सातांतले एक, क्लेमंट ॲटली, पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले आणि १९४७ साली त्यांच्याच कारकिर्दीत आपल्याला स्वातंत्र्य मिळाले. इतिहासात असे योग पुष्कळ सापडतात.) युसुफभाई आणि त्यांच्या सोबत्यांनी होड्या घेऊन समुद्रातच कमिशनला गाठायचे योजले होते. बेत फुटला. तेव्हा या मंडळींनी हमालांचा वेष केला आणि धक्क्यावर शिरून साहेबांना तोंडावर परत जायला सांगितले. सायमन गो बॅक ही घोषणा युसुफभाईंची समजली जाते. लाठ्या बसल्या, पण काही दिवसांतच ती घोषणा देशभर गेली. इंग्रजीचा गंध नसलेली माणसेही ती बिनचूक उच्चारू लागली.

आता सनदेकडे येऊ. कायद्याची पदवी हाती आली, पण तोवर सरकारदरबारी या तरुणाची नोंद झालेली होती आणि त्याला वकिली करू देण्यात आली नाही. वाचकहो, ही शिक्षा दिसायला लहान आहे. तिच्यात बेडी नाही, कोठडी नाही. पण सामान्य माणसाला सर्वांत जास्त भय याच शिक्षेचे वाटते. तुरुंगातून माणूस केव्हा तरी सुटून येतो. रोजीचे दार मात्र बंद झाले की ते किती काळ बंद राहील, हे कोणी सांगू शकत नाही. गांधीजींचेही नाव १९२२ साली, राजद्रोहाच्या शिक्षेनंतर, लंडनच्या इनर टेंपलने बॅरिस्टरांच्या यादीतून कमी केले होते. ते पुन्हा घातले गेले १९८८ साली, गांधीजी जाऊन चाळीस वर्षे झाल्यावर. युसुफभाईंच्या घरी दोन घास होते हे खरे. पण घरच्या संपत्तीवर आरामात बसायचे असते तर त्यांना कोणी अडवले नव्हते. त्यांनी तसे केले नाही. कोर्टात ते पुढे पुष्कळदा गेले, मात्र प्रत्येक वेळी आरोपी म्हणून.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. पुढारी एकामागून एक पकडले जात असताना मुंबईत स्वयंसेवक तयार करण्याचे आणि लोकांचा धीर टिकवण्याचे काम युसुफभाईंनी केले. त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. ती सौम्यच म्हटली पाहिजे. त्याच वर्षी मे महिन्यात सोलापुरात काय झाले ते आठवा. गांधीजींच्या अटकेनंतर तिथे गोळीबार झाला, दंगल उसळली, पोलीस मारले गेले आणि सरकारने शहरात मार्शल लॉ पुकारला. पुढे खटला चालून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. कुर्बान हुसेन हा तर विशीतला तरुण, गझनफर नावाचे पत्र चालवणारा. एकाच आंदोलनात एकाला चार महिने आणि दुसऱ्याला दोर. आरोपी कोणत्या गावचा, त्या गावी त्या आठवड्यात सरकार किती घाबरलेले, यावर राजकीय खटल्यातला न्याय बराचसा ठरतो, असे माझे वाचनातून झालेले मत आहे.

१९३२ साली युसुफभाई पुन्हा पकडले गेले. या वेळी आरोप कटाचा होता आणि शिक्षा दोन वर्षांची. रवानगी नाशिकच्या तुरुंगात झाली. सरकारने त्या काळात एक चूक केली, म्हणजे आपल्या दृष्टीने उपकारच केला. देशातली चलाख, वाचणारी, वाद घालणारी पोरे त्याने एका आवारात आणून ठेवली. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी ही मंडळी नाशिकलाच होती. तुरुंगात वाचन झाले, वादविवाद झाले. स्वातंत्र्य मिळाले तरी गिरणीतल्या कामगाराचे आणि कुळाचे काय, या प्रश्नावर खल झाला. त्यातून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला. त्याच्या संस्थापकांत आचार्य नरेंद्र देव आणि जयप्रकाशजी यांच्याबरोबर युसुफभाई होते.

त्यांच्या स्वभावाविषयी दोन शब्द इथेच लिहितो. घोषणा देणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घसा बसलेला, चिडलेला माणूस येतो. युसुफभाई तसे नव्हते. ते मृदू बोलत, नीटनेटके राहत. घोषणा म्हणजे त्यांच्या लेखी थोड्या शब्दांत मांडलेला विचार होता. १९३८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, व्हासार कॉलेजात, जगभरच्या तरुणांची परिषद भरली. युद्धाचे ढग दाटत होते आणि शांतता हाच परिषदेचा मुख्य विषय होता. युसुफभाई त्या परिषदेला गेले, मेक्सिकोही पाहून आले. परदेशात त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. हिंदुस्थानच्या चालू प्रश्नांवर जिज्ञासू माणसाच्या हाती देण्याजोगी पुस्तकेच नव्हती. परत आल्यावर त्यांनी पद्मा पब्लिकेशन्समार्फत स्वस्त, छोटी, माहितीपूर्ण पुस्तके काढण्याचा उद्योग मांडला. त्यांचे स्वतःचे लीडर्स ऑफ इंडिया हे पुस्तकही तिथूनच निघाले. शिक्षक या नात्याने मला त्यांचे हे काम घोषणांइतकेच मोठे वाटते.

परिषदेनंतर वर्षभरात ते युद्ध आलेच. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. देशातल्या एकाही लोकप्रतिनिधीला विचारले नाही. प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. २ ऑक्टोबरला मुंबईच्या हजारो कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. डिफेन्स ऑफ इंडिया कायद्याखाली युद्धाविरुद्ध भाषण करणे हा गुन्हा ठरला होता. जयप्रकाशजींनी फेब्रुवारी १९४० मध्ये जमशेदपूरला असे भाषण केले आणि त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली.

त्याच वर्षी गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. त्याची रीत आजच्या मुलांना सांगितली तर ती हसतात. सत्याग्रही आधी सरकारी अधिकाऱ्याला कळवायचा की मी अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक वाजता कायदा मोडणार आहे. मग ठरल्या वेळी उभे राहून सांगायचे की या युद्धाला माणूस किंवा पैसा देऊ नका. पोलीस पकडत, खटला उभा राही. आरोपी वकील देत नसे, केलेले कबूल करी आणि शिक्षा घेऊन जाई. कोर्टाचे काम कित्येकदा एका बैठकीत आटपे. पहिले सत्याग्रही विनोबा भावे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार इथे त्यांनी आरंभ केला, २१ तारखेला पकडले गेले, तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि सुटल्यावर त्यांनी पुन्हा सत्याग्रह केला. (विनोबा मूळचे आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे. कुराणशरीफ मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले आणि पुढे त्यांनी कुराणसार तयार केले.) विनोबांच्या मागोमाग पंडित नेहरूंचा क्रम होता. त्यांना गोरखपूरच्या खटल्यात चार वर्षांची सजा झाली. एकाला तीन महिने, दुसऱ्याला चार वर्षे! वर्षभरात वीस हजारांवर माणसे या मार्गाने तुरुंगात गेली. युसुफभाईही या युद्धकाळात तुरुंगाबाहेर फार राहिले नाहीत.

इथे एक अवघड प्रश्न आहे, तो टाळून पुढे गेलो तर तुमची फसवणूक होईल. समोर हिटलर असताना युद्धात इंग्रजांना साथ न देणे बरोबर होते का? हुशार मुले हा प्रश्न हटकून विचारतात. युसुफभाई आणि त्यांचे समाजवादी सहकारी हिटलरचे चाहते मुळीच नव्हते. हुकूमशाहीचा त्यांना तिटकारा होता. त्यांचे म्हणणे एवढेच की जगाच्या स्वातंत्र्यासाठी लढतो म्हणणाऱ्याने आधी आपल्या हातातली बेडी सोडावी, मग मदत मागावी. कम्युनिस्टांनीही आरंभी युद्धाला विरोध केला होता. पण जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर काही महिन्यांतच त्यांची भूमिका उलटली. माझ्यापुरते म्हणाल तर युद्धाला विरोध करणाऱ्यांचे सगळेच म्हणणे मला पटते असे नाही. पण त्यासाठी त्यांना कोठडीत घालणे बरोबर होते, हे मला कोणत्याही बाजूने सिद्ध करता आलेले नाही.

हा प्रकार आपल्याकडेच झाला असे समजू नका. अमेरिका हा भाषणस्वातंत्र्याचा मोठा अभिमान बाळगणारा देश. तिथले कामगार पुढारी यूजीन डेब्ज यांनी पहिल्या महायुद्धात, १६ जून १९१८ रोजी, ओहायो राज्यातल्या कँटन गावी युद्धाविरुद्ध भाषण केले आणि त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० साली ते तुरुंगातूनच राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि नऊ लाखांवर लोकांनी त्यांना मते दिली. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी हेच पुन्हा घडले. १९६८ मध्ये शिकागो शहरात झालेल्या निदर्शनांवरून आठ जणांवर दंगल भडकवण्याच्या कटाचा खटला भरला गेला. त्यातल्या बॉबी सील या काळ्या पुढाऱ्याला भर कोर्टात खुर्चीला बांधून त्याच्या तोंडात बोळा कोंबण्यात आला. पुढे शिक्षा झालेल्यांची शिक्षा वरिष्ठ कोर्टाने १९७२ मध्ये रद्द केली. आणि मुष्टियोद्धा मुहंमद अली यांचे नाव तर आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांनाही ठाऊक आहे. २८ एप्रिल १९६७ रोजी त्यांनी सैन्यात भरती होण्याचे नाकारले. पाच वर्षांची सजा आणि दहा हजार डॉलर दंड ठोठावला गेला. अपील चालू असल्याने ते तुरुंगाबाहेर राहिले, पण त्यांचे अजिंक्यपद गेले आणि लढतीचे लायसन्सही गेले. उमेदीची तीन-साडेतीन वर्षे त्यांना रिंगणात उतरता आले नाही. १९७१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. लायसन्स त्याआधी, १९७० मध्येच, परत मिळू लागले होते. अलींचे लायसन्स परत आले. युसुफभाईंची सनद मात्र आली नाही.

डेब्ज यांची गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण तिच्याशी जुळणारा प्रसंग युसुफभाईंच्या आयुष्यात आहे. १९४२ साली मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते! सुटून आले आणि निवडून आले. वय अडतीस. तोवर इतक्या तरुण वयाचा महापौर मुंबईला लाभला नव्हता. जपान्यांनी रंगून घेतले होते, मुंबईत हवाई हल्ल्याची भीती होती, माणसे बिऱ्हाडे गुंडाळून गावाकडे चालली होती. युद्धाला विरोध करणारा माणूस अशा वेळी शहराचा प्रथम नागरिक झाला आणि त्याने शहराचे काम नेकीने केले. हवाई हल्ल्यापासून बचावाच्या नावाखाली सरकार महापालिकेकडे मागत असलेल्या मोठ्या खर्चाला त्यांनी विरोध केला आणि लोकांचीच स्वयंसेवक संघटना उभारण्याकडे लक्ष दिले. शहर वाचवायचे, पण सरकारचे शिपाई होऊन नव्हे, ही त्यांची तऱ्हा.

क्विट इंडियाची हकिकत त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यातली आहे. शांतिकुमार मोरारजी यांनी सांगितलेली आठवण अशी : मुंबईत गांधीजी सहकाऱ्यांबरोबर बसले होते आणि नव्या लढ्यासाठी नेमके शब्द शोधणे चालले होते. कोणी चालते व्हा अशा अर्थाचे इंग्रजी शब्द सुचवले, ते गांधीजींना उद्धट वाटले. राजगोपालाचारींनी माघार घ्या अशा अर्थाचा शब्द सुचवला, तोही बसेना. युसुफभाईंनी गांधीजींना एक धनुष्य भेट दिले. त्यावर क्विट इंडिया हे दोन शब्द कोरलेले होते. गांधीजींनी ते मान्य केले. युसुफभाई तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी याच नावाची पुस्तिका काढली, ती हातोहात खपली. छातीवर लावायचे बिल्ले हजारावर करवून घेतले. ७ आणि ८ ऑगस्टला गवालिया टँकवर काँग्रेस महासमितीची बैठक भरली आणि ठराव झाला, त्याआधीच ते दोन शब्द मुंबईच्या तोंडी बसलेले होते.

९ ऑगस्टच्या पहाटे धरपकड झाली. महापौर मेहेरअलीही गेले. या वेळी खटला नाही, आरोपपत्र नाही, साक्षीपुरावा नाही. डिफेन्स ऑफ इंडियाच्या नियमांखाली नुसते स्थानबद्ध करून ठेवायचे. १९३० मध्ये निदान कोर्टात उभे करून महिने मोजले होते. १९४२ मध्ये सरकारला तेवढीही गरज वाटली नाही.

त्या दिवसांतली आपल्या भागाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तुम्ही-आम्ही उल्हासनगरच्या बराकींचे नंबर पत्त्यात लिहितो. त्या बराकी याच युद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीच्या. फाळणीनंतर त्यांत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छोडो भारतच्या ठरावाची तारीखही ८ ऑगस्टच, आणि राजाजी त्या ठरावाच्या विरोधातले! असो. ही छावणी भरलेली असताना इथून जवळच, माथेरान-नेरळच्या डोंगरांत, विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभारला. कोतवाल कायदा शिकलेले, माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच गोळ्यांना बळी पडले. खटला चालण्याचा प्रश्नच उरला नाही. दर २ जानेवारीला बदलापूर, कर्जत, मुरबाडकडची माणसे सिद्धगडावर जातात. आपल्या मुलांनाही एकदा न्यायला हवे. एका कायदा शिकलेल्या माणसाला सनद मिळाली नाही, दुसऱ्याने कायदा बाजूला ठेवून रान जवळ केले. दोघांचे मार्ग वेगळे होते. विजेचे मनोरे पाडणे मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवणार नाही, पण कोतवालांपुढे मान लववल्याशिवाय मला राहवतही नाही.

इकडे तुरुंगात युसुफभाईंना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने त्यांना बाहेरच्या इस्पितळात हलवण्याची तयारी दाखवली. शेवटी ते मुंबईचे महापौर, काही बरेवाईट झाले असते तर बोभाटा झाला असता. युसुफभाईंनी सांगितले की माझ्याबरोबरचे आणखी दोन कैदी आजारी आहेत, त्यांनाही हेच उपचार द्या. सरकार तयार होईना, तेव्हा त्यांनी स्वतःसाठीही सवलत नाकारली. १९४३ साली सुटका झाली ती प्रकृती पार ढासळल्यावर. वाचकहो, त्या दोघा कैद्यांची नावे आज कोणाच्या तोंडी नाहीत. पण महापौराने ज्यांच्यासाठी औषध नाकारले, ती माणसे त्याच्या जातीची किंवा धर्माची होती की नव्हती, याची चौकशी आजवर कोणी केलेली माझ्या वाचनात नाही.

युसुफभाई पुन्हा पहिल्यासारखे धडधाकट झाले नाहीत. स्वातंत्र्य आले, फाळणी आली. धर्माच्या नावाने देश चिरला जात असताना हा मुसलमान समाजवादी आपल्या जागी उभा राहिला. त्याने मुंबईही सोडली नाही आणि पक्षही सोडला नाही. समाजवादी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली तेव्हा तेही सत्तेच्या बाजूला न राहता आपल्या सोबत्यांबरोबर गेले. स्वतंत्र देशात पद मागायला त्यांच्यासारखा हक्क फार थोड्यांचा होता. २ जुलै १९५० रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ते पैगंबरवासी झाले.

दुसऱ्या दिवशी, ३ जुलैला, भर दुपारी बारा वाजता मुंबई काही मिनिटे थांबली. ट्रॅम आणि बसगाड्या रस्त्यात उभ्या राहिल्या, आगगाड्या थांबल्या, गिरण्या, शाळा, दुकाने सगळे स्तब्ध झाले. शेअरबाजारही थांबला म्हणतात आणि त्या बाजाराची ख्याती पाहता हे मला सर्वांत मोठे वाटते.

माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांना मी पुढे एकदा शाळेत बोलावले आणि ही हकिकत जमेल तशी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. सनदेशी येताच त्यांनी एकच विचारले, की मग ती त्यांना कधी मिळाली. मिळाली नाही, असे मी सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग मुलाच्या फीविषयी बोलू लागले. मी त्यांना धीर द्यायला बोलावले होते, पण खोटा धीर देणे मला जमले नाही. तो मुलगा यंदा दहावीला आहे. वर्गात तो आताही प्रश्न विचारतो आणि त्याला गप्प बसवण्याचे काम मी सोडून दिले आहे.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने गेलात तर तारा नावाचे गाव लागते. डॉ. जी. जी. परीख आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६१ साली युसुफ मेहेरअली सेंटर ही संस्था स्थापन केली, तिचे काम या गावी चालते. इस्पितळ, शाळा, खादी, ग्रामोद्योग असे बरेच काही तिथे उभे राहिले. स्वतः डॉ. परीख १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेलेले. शंभरी पार करून ते २ ऑक्टोबर २०२५ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, निवर्तले. नववी-दहावीच्या मुलांची सहल तिथे न्यावी असा आमच्या शिक्षकांचा विचार चालू आहे. बदलापूरहून निघाले तर एका दिवसात जाऊन येता येते. गाडीभाड्याला हातभार लावू इच्छिणाऱ्या पालकांनी शाळेच्या कार्यालयात नाव द्यावे.